देवाची इच्छा कोणी सांगायची? समर्पणाबद्दल थोडं मोकळं बोलूया

(हा आमच्या ऑडिओ भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

भंडाऱ्याहून बोलतेय. कोणी बसमध्ये असाल, कोणी हॉस्टेलच्या गच्चीवर, कोणी धानाच्या बांधावर बसून कानात इअरफोन घालून ऐकत असाल.

तुमच्याकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. "ताई, माझ्यासाठी देवाची इच्छा काय आहे, हे कळणार कसं?" कोणाची नीटची परीक्षा दुसऱ्यांदा गेलेली असते, कोणी पोलीस भरतीची तयारी करत असतो. कोणाला घरचे म्हणतात, "आम्ही प्रार्थना केली, हे स्थळ देवानेच पाठवलंय, आता तू नाही म्हणू नकोस." मग तो मुलगा किंवा ती मुलगी गप्प बसते. देवाचं नाव मधे आल्यावर बोलणार काय?

आपल्या मंडळीत साक्ष देताना आपण म्हणतो, "मी माझं जीवन प्रभूच्या स्वाधीन केलं." वाक्य सुंदर आहे. पण ते इतकं सवयीचं झालंय की त्यात नेमकं काय दिलं, कोणी दिलं आणि कोणाच्या हाती दिलं, हे आपण विचारतच नाही. आज तेच विचारूया. त्यासाठी मी तुम्हाला लांबच्या संतांकडे नेणार नाही. मराठीतलीच तीन माणसं घेऊया. त्यातल्या पहिल्याची गोष्ट तर आपल्याच रेल्वेलाईनवर सुरू होते.

राजनांदगावच्या गाडीतलं पुस्तक

नागपूरहून निघालेली गाडी कामठी सोडते, वरठीला म्हणजे भंडारा रोडला थांबते, मग तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव करत डोंगरगड आणि राजनांदगावला जाते. तुमच्यापैकी कित्येक जण या लाईनवर रोज अपडाऊन करतात. १८९३ च्या सुमारास याच लाईनवरून एक तरुण मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावला निघाला होता. नाव नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचा जन्म, चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा चांगला अभ्यास, स्वभाव तापट आणि डोकं कायम विचारात.

या माणसाच्या मनात तेव्हा काय चाललं होतं माहीत आहे? स्वतःचा एक नवा धर्म काढायचा! जातिभेद नको, मूर्तिपूजा नको, सगळी माणसं भाऊ-भाऊ, अशी त्याची मांडणीही तयार होती. अशा माणसाला डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. दोघांच्या गप्पा झाल्या, कवितेवर बोलणं झालं. उतरण्यापूर्वी त्या मिशनऱ्याने टिळकांना नवा करार दिला आणि सांगितलं की हे पुस्तक नीट वाचलंत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते पटलं नाही, पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. शत्रूवर प्रेम करा, उद्याची चिंता करत बसू नका, हे शब्द त्यांना सोडेनात. पुढची दोन वर्षं ओढाताणीत गेली. घर, बायको, लहान मुलगा, समाज, नोकरी, सगळं एका बाजूला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता यात समर्पण कुठलं? टिळकांनी आधी काही मागितलंच नव्हतं. दुःखातून सुटका नको होती, नोकरीचा चमत्कार नको होता. त्यांच्या हातात स्वतःची एक मोठी योजना होती आणि ती योजना चांगलीही होती. तीच त्यांनी खाली ठेवली. आपण बहुतेक वेळा देवाला आपल्या अडचणी देतो. "प्रभू, ही फी तूच बघ, हे दुखणं तूच बघ." ते चुकीचं नाही. पण आपली सगळ्यात लाडकी योजना, जिच्यात आपण हिरो असतो, ती द्यायला हात उघडत नाही. टिळकांनी ती दिली. त्यांची कविता, भाषा, देशप्रेम मात्र देवाने काढून घेतलं नाही. उलट त्याच कवितेतून पुढे मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग आणि भजनं मिळाली. आज आपण रविवारी टाळ-तबला घेऊन जे गातो, त्यात टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

इथे बरेच जण गोष्ट संपवतात आणि टाळ्या वाजतात. पण आपण जरा घरात डोकावूया.

लक्ष्मीबाईंचं काय?

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. लग्नात त्यांचं वय अकराच्या आसपास. शाळा नाही, अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिलेली. सोवळं-ओवळं, उपास-तापास, सगळं काटेकोर पाळणाऱ्या. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्या काळात याचा अर्थ काय होता बघा. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या ताटात जेवता येत नाही. लोक विचारतात, तू आता कोण? विधवा नाही, सवाशीण म्हणावं तर तेही अवघड. पदरात लहान दत्तू. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे.

टिळकांचं समर्पण खरं होतं, यात मला शंका नाही. पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट आपण साक्षीच्या सभेत कधी सांगत नाही. त्यांनी स्वतः मात्र 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सगळं लिहून ठेवलं, रडणंही आणि हसणंही. मराठीतलं ते एक अव्वल पुस्तक आहे. मिळालं तर नक्की वाचा.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण स्वतःच्या अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, देव वेगळे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असं घर चाललं. मग त्यांच्या मनात हळूहळू एक विचार मुरत गेला. ही जात देवाने केली की माणसांनी? देवाने केली असती तर माणसा-माणसात काहीतरी वेगळं दिसायला नको का? आणि एक दिवस त्यांनी स्वतःच ठरवलं की यापुढे मी कोणाच्याही हातचं खाईन, पाणी पिईन. हे ठरवायला त्यांना वर्षं लागली. १९०० साली, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला या पाच वर्षांबद्दल फार आदर आहे. कारण इथे आपल्याला समर्पणाची सगळ्यात महत्त्वाची अट दिसते. ते ज्याचं त्यानेच करायचं असतं. नवरा बायकोच्या वतीने करू शकत नाही. आई-बाबा मुलाच्या वतीने करू शकत नाहीत. आई-बाबांनी मुलाला देवाच्या हाती सोपवावं, प्रार्थनेत त्याचं नाव घ्यावं, हे ठीक आहे. पण मुलाचा "हो" त्यांनी देवाला परस्पर देऊन टाकला, तर तो "हो" मुलाचा राहत नाही.

आणि लक्ष्मीबाईंनी उशिरा दिलेला "हो" किती पक्का निघाला बघा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. उरलेलं काव्य कोणी पूर्ण केलं? ज्या बाईला एकेकाळी ख्रिस्ती माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिने. एक-दोन नाही, ६४ अध्याय लिहिले.

रमाबाईंनी कोणापुढे मान झुकवली नाही?

दुसरा एक घोळ आपल्याकडे होतो. देवाच्या स्वाधीन होणं आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाच्या स्वाधीन होणं, हे आपण एकच समजतो. इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढायलाच हवी.

रमाबाईंनी १८७० च्या दशकात दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. कडेवर मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, दुसऱ्यांच्या आश्रमात राहणं, हातात पैसा नाही. अशा बाईने मुकाट्याने ऐकावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार ना?

त्यांनी ऐकलं नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती. त्यांचं म्हणणं पडलं की लॅटिन संस्कृतपेक्षा जास्त पवित्र आहे असं थोडंच आहे? त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा वरिष्ठ बिशप मंडळींनी विरोध केला. हिंदुस्थानात लोक काय म्हणतील, असा त्यांचा मुद्दा. रमाबाईंनी पत्रांतून खणखणीत उत्तरं दिली. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच सुटलेय, दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. ख्रिस्ताचं ऐकायचं, पण ख्रिस्ताचं नाव घेऊन प्रत्येक जण जे सांगेल ते नाही.

कोणी म्हणेल, ही तर हट्टी बाई, हिचं कसलं समर्पण? थांबा. त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिलंय की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी सापडला. म्हणजे रजिस्टरमधली तारीख आणि मनातली तारीख वेगळी. ज्यांना वाटतं, "मी तर लहानपणीच प्रभूला स्वीकारलं, मग आत इतकं कोरडं का?" त्यांनी हे लक्षात ठेवा. उशीर होणं म्हणजे ढोंग असणं नव्हे.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांत होरपळत होता. आपला भंडारा जिल्हाही तेव्हा मध्यप्रांतातच होता. रमाबाईंनी स्वतः भूक पाहिलेली. त्या उठल्या आणि मध्यप्रांतात गेल्या. निराधार मुली, बालविधवा, ज्यांना कोणीही उचलून नेईल अशा पोरी गोळा करून पुण्याजवळ केडगावला आणल्या. सुमारे ३०० मुलींना घ्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा हाताशी तेवढे पैसे नव्हते. तिथूनच मुक्ती मिशन उभं राहिलं आणि ते आजही आहे. बिशपांपुढे न झुकलेली ही बाई भुकेल्या पोरींपुढे मात्र सगळं सोडून उभी राहिली. देवाची हाक कुठून येते हे तिला बरोबर कळलं होतं.

"देवाची मर्जी" हे कधी बोलू नये

दुष्काळालाही लोक देवाची मर्जी म्हणायचे. तसं म्हटलं की सरकारला जाब विचारायला नको आणि आपल्यालाही उठायला नको. आता आपल्या गावाकडे येऊ. जड विषय आहे, पण टाळून चालणार नाही.

९ जानेवारी २०२१. आपलं भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. ज्या आयांनी आपल्या बाळाला अजून नीट मांडीवरही घेतलं नव्हतं, त्यांची बाळं.

अशा वेळी सांत्वनाला येणारी माणसं, ख्रिस्ती असोत की आणखी कोणी, पटकन बोलून जातात, "देवाची मर्जी, बाई. त्याला आवडलं, त्याने नेलं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मला सांगा, वायरिंगची जबाबदारी देवाची का? धूर आणि आग वेळेवर कळावी याची व्यवस्था देवाने करायची होती का? ती माणसांची कामं होती. चौकशी झाली, काही जणांवर कारवाईही झाली. जिथे माणसाची चूक आहे तिथे देवाचं नाव पुढे केलं की चूक झाकली जाते आणि देव आरोपी होतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू मेंढरांची गोष्ट सांगतो. शंभरातलं एक हरवलं तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून शोधायला निघतो. त्या गोष्टीच्या शेवटी तो थेट पित्याच्या इच्छेबद्दल बोलतो. काय सांगतो? या लहानग्यांपैकी एकाचाही नाश व्हावा हे पित्याला नको आहे. देवाच्या इच्छेबद्दल इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना, त्या आईला उलटं सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या रात्री देवाची इच्छा कुठे दिसली असं मला कोणी विचारलं, तर मी म्हणेन, धुरात शिरून ज्यांनी सात बाळं बाहेर काढली त्यांच्या हातांत दिसली. आणि त्या दहा आयांना "आता स्वीकारून घे" असं आपण सांगायचं नाही. त्यांना देवाशी भांडू द्या. स्तोत्रसंहिता उघडा. किती स्तोत्रं तक्रारीची आहेत! देव कुठे गेला, किती दिवस वाट पाहू, असे प्रश्न सरळ देवालाच विचारलेले आहेत, आणि ते पवित्र शास्त्रात जपून ठेवलेले आहेत. देवाला त्याचा राग येत असता तर ती पानं राहिली नसती.

गेथशेमाने बागेतली रात्र

शेवटी आपण ज्याच्या मागे चालतो त्याच्याकडे जाऊ. येशूने देवाच्या इच्छेपुढे स्वतःला दिलं ती रात्र गेथशेमाने बागेतली. आपण तिथलं दुसरंच वाक्य पाठ करतो, पहिलं विसरतो. दुसऱ्यात तो पित्याच्या मनासारखं होऊ दे म्हणतो. पण त्याआधी तो काय मागतो? हा प्याला माझ्यापासून दूर कर. त्याने मनातलं आधी स्पष्ट सांगितलं. मला हे नको आहे. आणि एकदा नाही, मत्तय सांगतो की तीनदा प्रार्थना केली. तोही एका दमात शांत झाला नाही. जवळचे मित्र मात्र झोपले होते.

म्हणजे स्वतःची इच्छा लपवून समर्पण होत नाही. जे आपण कधी हातात धरलंच नाही, ते देणार काय? "मला डॉक्टर व्हायचंय", "मला हे लग्न नकोय", "मला भीती वाटते", हे आधी प्रभूला सांगा. त्याच्यासमोर शहाणं दिसायची गरज नाही.

आणि प्रार्थना झाल्यावर येशू उठला, झोपलेल्यांना उठवलं आणि पुढे चालत गेला. हात टेकलेला माणूस जागच्या जागी बसून राहतो. ज्याने स्वतःला देवाच्या हाती दिलंय, तो उठून चालायला लागतो.

मग आपण काय करायचं?

तीन साध्या गोष्टी सांगते.

पहिली. कोणी तुम्हाला "ही देवाची इच्छा आहे" असं सांगितलं, तर आदराने ऐका आणि मग स्वतः प्रार्थनेला बसा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आधी स्वतःला देवाला अर्पण करायला सांगतो आणि लगेच पुढे मन नवं करून देवाची इच्छा पारखून घ्यायला सांगतो. दोन्ही एकापाठोपाठ आहेत. म्हणजे समर्पण करताना डोकं बाजूला ठेवायचं नाही, तेही कामाला लावायचं. घरी म्हणा, "बाबा, तुम्ही प्रार्थना केली ते बरं झालं. मलाही थोडे दिवस द्या." जे खरोखर देवाचं आहे, ते थोडी वाट पाहिल्याने बिघडत नाही. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली.

दुसरी. किंमत कोण मोजणार ते बघा. ज्याने देवाची इच्छा सांगितली तो मोकळा आणि त्रास फक्त तुम्हाला, असं असेल तर सावध व्हा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. पोटाची सोय स्वतःची सोडली, दुसऱ्याची नाही. सगळ्यात जास्त ज्याने सोडलंय, त्याचं बोलणं कान देऊन ऐका.

तिसरी. प्रार्थनेनंतर हाताला काही काम दिसतं का ते बघा. परीक्षा गेली असेल तर पुन्हा अभ्यासाला बसणं, नाहीतर दुसरी वाट शोधणं, दोन्ही देवाच्या इच्छेत बसू शकतं. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा आठवतं ना? घरात पाणी शिरलेल्यांसाठी प्रार्थना करणं गरजेचंच होतं, पण चिखल काढायला माणसंही लागलीच.

जे ख्रिस्ती नाहीत आणि तरी इथपर्यंत ऐकलंत, त्यांचे खास आभार. देवाला वेगळ्या नावाने हाक मारत असाल तरी हा प्रश्न तुमच्याही घरात असेलच.

आज झोपण्याआधी मोबाईल बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं प्रभूशी बोला. तुम्हाला काय हवंय ते पूर्ण सांगा, काहीही न लपवता. मग म्हणा, प्रभू, यातलं जे तुझ्या मनात बसत नाही, ते सोडायला मला मदत कर. एका रात्रीत सुटलं नाही तर उद्या पुन्हा. येशूलाही तीनदा लागलं.

कोणाला या विषयावर अजून बोलायचं असेल तर आम्हाला जरूर लिहा. ज्यांच्या घरी आत्ता अशीच ओढाताण सुरू असेल, त्यांना हा भाग पाठवा, पण सोबत उपदेश पाठवू नका. फक्त "ऐकून बघ" एवढंच म्हणा.

भेटूया पुढच्या भागात. प्रभू तुमच्यासोबत असो.